आठ तासांचं सोकिंग, सहा तास पंचवीस मिनिटांत

टेस्टिंगच्या वहीत एकाखाली एक तीन नोंदी होत्या. चार तासांचं सोकिंग लावलं, साडेपाच मिनिटं उशिरा संपलं. आठ तासांचं लावलं, ते दीड तासाहून जास्त वेळ आधीच संपलं. दहा तासांचं लावलं, ते संपलंच नाही. सकाळी येऊन बघितलं तर स्क्रीनवर ९ तास ६ मिनिटं ८ सेकंद, आणि सेकंदाचा आकडा हलत नव्हता.

सोकिंग म्हणजे भट्टी ठरलेल्या तापमानाला पोचली की आतला धातू ठरलेला वेळ त्याच तापमानात ठेवायचा. वेळ कमी पडला तर जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचत नाही, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. त्या भट्टीच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत बसणारा प्रोग्रॅम, मी लिहिलं होतं, सी भाषेत. तापमानाचा भाग मी महिनाभर घासून पुसून तपासला होता. घड्याळाचा भाग पंधरा मिनिटांत लिहिला होता, कारण घड्याळात काय चुकणार?

टेस्टिंगच्या मुलाने वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, हे नक्की पुढे पळतंय की मागे, तेच कळत नाहीये."

त्याचं वाक्य मला अजून आठवतं, कारण अख्ख्या कोड्याचा गाभा त्यात होता. घड्याळ मागे पडतं किंवा पुढे पळतं. एकच घड्याळ आधी मागे पडून, मग पुढे पळून, मग थांबतं, असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

पहिला संशय क्रिस्टलवर गेला, म्हणजे ज्याच्या कंपनांवर कंट्रोलरचं घड्याळ चालतं त्या स्फटिकावर. तो फार टिकला नाही. साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत पन्नास भाग धरली तरी दिवसाला ४.३ सेकंद होतात. इथे चार तासांत साडेपाच मिनिटं गेली होती, म्हणजे शेकडा दोनहून जास्त. एवढं चुकणारं क्रिस्टल असेल तर सिरियल पोर्टवरही, म्हणजे कंट्रोलर कॉम्प्युटरला आकडे पाठवतो त्या तारेवरही, कचरा येण्याची शक्यता असते, आणि तिथे सगळं स्वच्छ होतं.

दुसरा संशय इंटरप्टवर. कंट्रोलरमध्ये दर मिलिसेकंदाला टायमरचा इंटरप्ट येतो, म्हणजे हातातलं काम थांबवून घड्याळाचं बघ अशी प्रोसेसरला हाक. दुसऱ्या कुठल्या कामात प्रोसेसर अडकला आणि काही इंटरप्ट हुकले, तर घड्याळ मागे पडेल. चार तासांची नोंद याने सुटते. पण हुकलेल्या इंटरप्टने घड्याळ पुढे कसं पळेल? आठ तासांची नोंद या संशयाला धरून नव्हती. ती बाजूला सारून पुढे जाण्याचा मोह मला झाला होता, हे प्रामाणिकपणे सांगते. "बटण चुकून दाबलं गेलं असेल" असं म्हणून टाकणं फार सोपं होतं.

मग मी ९ तास ६ मिनिटं ८ सेकंदांचे सेकंद केले. ३२७६८. दोनचा पंधरावा घात.

हा आकडा दिसला की आमच्या धंद्यातल्या कुणाचेही हात आपोआप सोळा बिटांच्या, म्हणजे शून्य-एकच्या सोळा खणांच्या, व्हेरिएबलकडे (आकडा साठवायच्या जागेकडे) जातात, कारण सोळा बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात ३२७६७ पर्यंतच मावतं. माझी एक अख्खी दुपार असं व्हेरिएबल शोधण्यात गेली. नव्हतंच. शिवाय तसं असतं तर आकडा सहसा उणेत उडी मारतो, ३२७६८ वर शांतपणे बसून राहत नाही. मनगटी घड्याळातलं क्रिस्टलही सेकंदाला ३२७६८ वेळाच कंप पावतं, म्हणजे पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद मिळतो. त्यामुळे एकदा रिअल टाइम क्लॉकच्या सर्किटकडेही डोळे गेले. तिथेही काही नव्हतं.

खरी चूक इंटरप्टमधल्या एकुलत्या एका ओळीत होती. ती ओळ एवढंच करायची: गेलेल्या सेकंदांत ०.००१ मिळवा. आणि ते व्हेरिएबल होतं फ्लोट, म्हणजे दशांशाचे आकडे ठेवायचा बत्तीस बिटांचा प्रकार.

फ्लोट का घेतला, याला कारण होतं. तापमान फ्लोटमध्ये, पीआयडीचं (भट्टीला किती उष्णता द्यायची ते ठरवणारं) गणित फ्लोटमध्ये, त्याला लागणारा वेळही सेकंदांत आणि फ्लोटमध्ये. सगळीकडे एकच प्रकार वापरला की रूपांतराची कटकट नाही, असा विचार होता. तो वाचताना आजही शहाणपणाचा वाटतो, म्हणून तर जपून राहावं लागतं.

फ्लोट ही एक मोजपट्टी आहे असं समजा, पण तिच्यावरच्या खुणा सगळीकडे सारख्या अंतरावर नाहीत. शून्याजवळ खुणा अगदी दाट. पुढे जाल तसं दोनच्या प्रत्येक घाताला, म्हणजे २५६, ५१२, १०२४ अशा ठिकाणी, खुणांमधलं अंतर दुप्पट होतं. बत्तीस बिटांच्या फ्लोटमध्ये आकड्याच्या अंगाला २४ बिटांइतकीच अचूकता मिळते आणि तेवढ्यातच सगळं बसवायचं असतं. आकडा मोठा झाला की बिट वरच्या बाजूला खर्ची पडतात आणि खालचा बारकावा हरवतो. कुठलीही बेरीज केली की उत्तर जवळच्या खुणेवर नेऊन ठेवलं जातं. दोन खुणांच्या मध्ये थांबायची सोय नाही.

आता माझी ओळ या पट्टीवर चालवून बघू.

घड्याळात ६०० सेकंद झालेत. तिथे दोन खुणांमधलं अंतर सुमारे ०.००००६१ सेकंद. ०.००१ म्हणजे अशी १६.३८४ अंतरं. पण पाऊल पूर्ण खुणांचंच टाकता येतं, म्हणून १६. उरलेलं ०.३८४ गेलं. पुढच्या मिलिसेकंदाला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याला पुन्हा तेच. राउंडिंगची चूक कधी वर कधी खाली होऊन एकमेकींना खाते, असं आपण गृहीत धरतो; इथे दर वेळी ती एकाच बाजूला होती. प्रत्येक पाऊल ०.००१ ऐवजी ०.०००९७६५६२५ चं. शेकडा २.३ नी घड्याळ मागे. अंतर दुप्पट होत गेलं तरी १६ ची ८, ८ ची ४, ४ ची २, २ ची १ अशी पावलं होत गेली, आणि पावलाची लांबी तीच राहिली. त्यामुळे ५१२ सेकंदांपासून १६३८४ पर्यंत घड्याळ एकाच ठरावीक वेगाने मागे पडत होतं. पाहणाऱ्याला ते हुबेहूब वाईट क्रिस्टलसारखं दिसावं.

मग १६३८४ आलं. तिथली पुढची खूण १६३८४.००१९५३१२५. मध्ये काहीही नाही. मध्यबिंदू १६३८४.०००९७६५६२५. मी मिळवलं ०.००१, ते मध्यबिंदूच्या किंचित पलीकडे पडलं, म्हणून राउंडिंगने ते पुढच्या खुणेवर ढकललं. म्हणजे एक मिलिसेकंद गेला की घड्याळ जवळपास दोन मिलिसेकंद पुढे. तिथून पुढे ते १.९५ पट वेगाने धावत सुटलं.

आणि ३२७६८ ला अंतर पुन्हा दुप्पट झालं: पुढची खूण ३२७६८.००३९०६२५, मध्यबिंदू ३२७६८.००१९५३१२५. आता ०.००१ मध्यबिंदूच्या अलीकडे. राउंडिंग मागे खेचतं, ३२७६८ वरच. हजार वेळा मिळवा, कोटी वेळा मिळवा, आकडा जागचा हलणार नाही. बेरीज होतेय, इंटरप्ट येतोय, प्रोसेसर त्याचं काम चोख करतोय, आणि वेळ थांबलाय.

हे कागदावर मांडायच्या आधी मी कॉम्प्युटरवर दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून ती बेरीज अडीच कोटींहून जास्त वेळा चालवली. ज्या बगने टेस्टिंगवाल्यांच्या तीन रात्री खाल्ल्या, तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत समोर उभा राहिला. हिशेब असा: खऱ्या वेळेचे ४ तास ३९ मिनिटं २२ सेकंद झाले की माझं घड्याळ १६३८४ दाखवतं, सव्वासहा मिनिटं मागे. मग धावत सुटून ते ६ तास ५९ मिनिटं ११ सेकंदांना ३२७६८ वर पोचतं आणि गोठतं. चार तासांचं सोकिंग साडेपाच मिनिटं उशिरा संपायला हवं. आठ तासांचं ६ तास २५ मिनिटांत संपायला हवं. दहा तासांचं कधीच नाही. वहीतल्या तिन्ही नोंदी मिनिटाला मिनिट जुळल्या. त्या मुलाने काटेकोर लिहून ठेवलं नसतं, "साधारण उशीर" एवढंच लिहिलं असतं, तर मी क्रिस्टल बदलून मोकळी झाले असते.

माझ्या चाचण्यांत हे का दिसलं नाही, तेही याच गणितात आहे. मी पाच मिनिटांचं सोकिंग लावून बघत असे. पाच मिनिटांत घड्याळ जेमतेम एक सेकंद पुढे जात होतं. अर्ध्या तासात २८ सेकंद मागे. हातात स्टॉपवॉच घेऊन अर्धा तास कोण उभं राहतं?

वरिष्ठांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, मग डबल कर की फ्लोटचं. एका शब्दाचं काम आहे."

डबलने लक्षण गेलं असतं, हे खरं आहे. डबल म्हणजे फ्लोटचाच दुप्पट मोठा प्रकार; त्याला ५३ बिट मिळतात, दहा तासांत साचणारी चूक सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतही जात नाही. पण मला ते पटलं नाही. एक कारण यंत्राचं: आमच्या कॉर्टेक्स-एम ४ प्रोसेसरमधलं फ्लोटिंग पॉइंट युनिट फक्त फ्लोटचं आहे, डबलचं प्रत्येक गणित लायब्ररीतून सॉफ्टवेअरने होतं, आणि ते दर मिलिसेकंदाला इंटरप्टमध्ये करणं बरं नव्हे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ०.००१ डबलमध्येही नेमकं बसत नाही. दोनच्या पद्धतीत ज्याच्या छेदात फक्त दोनचे घात आहेत तेवढेच अपूर्णांक नेमके लिहिता येतात: अर्धा, पाव, एक अष्टमांश. हजारात तीन वेळा पाच आहे. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला बसलं की ०.३३३ संपतच नाही, तसंच ते. म्हणून दर मिलिसेकंदाला एक किंचित चुकीची गोष्ट मिळवत राहायची आणि चूक लहान आहे म्हणून निभावेल म्हणायचं, हा मार्ग मला नको होता. इंटरप्टने दिलेली गोष्ट मुळात सेकंद नाहीच. तो एक ठोका आहे. ठोके मोजायचे असतात, आणि मोजायला पूर्णांक आहेत.

म्हणून इंटरप्टमध्ये आता बत्तीस बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात एक मिळवला जातो, बस्स. सेकंद लागतील तिथे, लागतील तेव्हा, ठोक्यांना हजाराने भागायचं. भागाकाराला राउंडिंगची एक चूक होईल, पण ती तिथल्या तिथे संपते, पुढच्या बेरजेत जात नाही.

यातला एक बारीक मुद्दा मी टीममधल्या नव्यांना आवर्जून सांगते: वजाबाकी आधी, रूपांतर नंतर. सुरुवातीचा ठोका आणि आत्ताचा ठोका, दोन्ही पूर्णांक, यांची वजाबाकी अचूक येते. दोघांचे आधी सेकंद करून मग वजा केलेत तर दोन मोठ्या, दोन वेगवेगळ्या प्रकारे चुकलेल्या आकड्यांतला छोटा फरक हाती येतो, आणि त्या फरकात चुकीचाच वाटा मोठा असू शकतो.

रूपांतर निष्काळजीपणे केलं तर काय होतं, याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण २५ फेब्रुवारी १९९१ चं आहे. आखाती युद्धात सौदी अरेबियात धाहरान इथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक गेले. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत, पूर्णांकातच मोजत होती. मोजणी बरोबर होती. पण सेकंद काढायला तो आकडा ०.१ ने गुणला जाई, आणि ते ०.१ चोवीस बिटांच्या रजिस्टरमध्ये शेपूट कापून ठेवलेलं होतं. हे फ्लोटिंग पॉइंट नव्हे, फिक्स्ड पॉइंट (खुणा सगळीकडे सारख्या अंतरावर असलेली पट्टी) होतं, पण दुखणं तेच. कापलेलं शेपूट सुमारे ०.०००००००९५ एवढंच. यंत्रणा सलग शंभर तास चालू होती. तेवढ्या वेळात दहाव्या भागांची संख्या छत्तीस लाख होते, आणि चूक ०.३४ सेकंद. स्कडच्या वेगाने शोधाची चौकट, म्हणजे ते पुढे जिथे दिसेल असं यंत्रणा धरते ती जागा, तेवढ्यात ६८७ मीटर सरकते, असं १९९२ मधल्या अमेरिकी सरकारी लेखापरीक्षण अहवालात दिलंय. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी तिथे पोचलं. आठ तास चालवल्यावरची चूक त्याच तक्त्यात ०.०२७५ सेकंद आहे. तो तक्ता वाचताना मला माझी पाच मिनिटांची चाचणी आठवली.

कंट्रोलरचं घड्याळ सुधारल्यावर मी बाकीचा कोडही त्याच नजरेने वाचला आणि आणखी तीन गोष्टी सापडल्या.

एक, सोकिंगचा वेळ तासांत दशांशाने देता यायचा. कुणी २.३ तास दिले तर स्क्रीनवर २ तास १८ मिनिटं दिसायला हवीत. दिसायची १७. कॉम्प्युटरवरच्या सेटिंग प्रोग्रॅममध्ये हे गणित डबलने होतं: २.३ मधून २ वजा, साठने गुणलं की उत्तर १७.९९९९९९९९९९९९९९ च्या आसपास येतं, आणि सीमध्ये ते पूर्णांकात टाकलं की दशांशापुढचं सरळ कापलं जातं. राउंड होत नाही, कापलं जातं. आता आलेला आकडा लगेच ३६०० ने गुणून, राउंड करून पूर्ण सेकंद करते, आणि पुढचं सगळं भागाकार आणि बाकी यांवर.

दुसरी गोष्ट बघायला विचित्र होती. मधूनच एखाद्या क्षणाला स्क्रीनवर "११:६०.००" असं चमकून जायचं. अकरा मिनिटं साठ सेकंद. मिनिटं कापून काढलेली, म्हणून ११. उरलेले सेकंद ५९.९९६, ते प्रिंटएफने (सीमधल्या छापायच्या फंक्शनने) दोन दशांशांपर्यंत राउंड करून ६०.०० छापले. मिनिटांना एक नियम आणि सेकंदांना दुसरा लावला की हे होणारच. आधी पूर्ण वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत राउंड करायचा आणि मग त्याचे तुकडे पाडायचे, म्हणजे ११:६० ऐवजी १२:०० येतात.

आणि लॉग पाहायच्या प्रोग्रॅममध्ये तर तापमानाचा आलेख पायऱ्यापायऱ्यांचा दिसत होता. प्रत्येक पायरी २ मिनिटं ८ सेकंदांची. आता मला विचारच करावा लागला नाही: कॉम्प्युटर तारीख-वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतो, ते सेकंद आज १७० कोटींच्या पुढे आहेत, आणि तिथे फ्लोटच्या दोन खुणांमध्ये १२८ सेकंदांचं अंतर असतं. आलेख काढणाऱ्या लायब्ररीला देताना कुणीतरी तारीख-वेळ फ्लोटमध्ये टाकली होती. पहिल्या नोंदीपासूनचा फरक आधी पूर्णांकात काढून तोच दिला, आणि रेघ गुळगुळीत झाली.

बत्तीस बिटांच्या मोजणीलाही अंत आहे. मिलिसेकंद मोजले तर ४९ दिवस १७ तासांनंतर आकडा भरून पुन्हा शून्यावर येतो. विंडोज ९५ आणि ९८ याच ठिकाणी लटकत असत. पण चिन्हरहित पूर्णांकांची वजाबाकी सीमध्ये त्या वळणावरूनही बरोबर येते, अट एवढीच की "आत्ता वजा सुरुवात" असं लिहून त्याची मुदतीशी तुलना करायची. "आत्ताचा ठोका शेवटच्या ठोक्याच्या पुढे गेला का" असं विचारलं की ते वळणावर फसतं.

हे कागदावर कळलं तरी ४९ दिवस वाट बघून तपासणार कोण? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, यावर सुंदर उपाय आहे: तिथला ठोक्यांचा आकडा शून्यापासून सुरूच करत नाहीत, बत्तीस बिट भरायच्या पाच मिनिटं अलीकडून सुरू करतात. म्हणजे वळणाची चूक असेल तर पाच मिनिटांत उघडी पडते. मी तेच केलं. टेस्टिंगसाठीच्या फर्मवेअरमध्ये मोजणी वळणाच्या दहा सेकंद अलीकडून सुरू होते.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा तो मुलगाही शेजारी उभा होता, हातात स्टॉपवॉच. वीस सेकंदांचं सोकिंग लावलं. सिरियल पोर्टवर मूळ आकडा वाहत होता, ४२९४९६०००० च्या पुढे सरकत. स्टॉपवॉचवर दहा झाले आणि आकडा शून्यावर पडून नव्याने चढू लागला. स्क्रीनवरचे सेकंद १०, ११, १२ असे चालूच राहिले. वीसला रिले टक्क वाजला.

"बरोबर वीस," तो म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं. मग त्याने दहा तासांचं सोकिंग लावलं आणि सुरू केल्याची वेळ सेकंदांसकट खाली लिहिली.